रोख पैसा आणि लिलावांतील घर

वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर बारीक टायपांत छापलेली, चौकटींतील एक जाहिरात पुष्कळदां पाहाण्यांत येते. वर बँकेचें नांव, खालीं कर्जदाराचें व जामीनदाराचें नांव, नंतर मिळकतीचें वर्णन, चतुःसीमा, राखीव किंमत, इसाऱ्याची रक्कम व लिलावाची तारीख. आणि शेवटीं ‘जेथें आहे, जसें आहे’ हे चार शब्द. पूर्वीं अशी जाहिरात बहुधा वकील व दलाल हेच वाचीत. अलीकडे ती पगारदार व सेवानिवृत्त कुटुंबांतहि वाचली जाते. कर्ज फेडतां न आल्यामुळें बँकेनें विकावयास काढलेलें घर बाजारापेक्षां कमी किंमतींत मिळेल, ही आशा त्या वाचनामागें असते.

नवीन पनवेलसारख्या वसाहतींत ह्या जाहिरातींकडे लक्ष जाणें स्वाभाविक आहे. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडको महामंडळानें नव्या मुंबईचीं जीं उपनगरें आंखून वसविलीं, त्यांपैकीं हें एक. जुनें पनवेल लोहमार्गाच्या पश्चिमेस, आणि हें सरळ रस्त्यांचें, सेक्टरांत विभागलेलें नवें गांव पूर्वेस. जानेवारी २०२४ मध्यें शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा सागरी सेतु खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्यें नव्या मुंबईच्या विमानतळाचें उद्‌घाटन झालें, आणि येथील घरांकडे मुंबई-ठाण्याच्या मध्यम स्थितींतील लोकांचे डोळे लागले.

कल्पना करावी कीं, एक सेवानिवृत्त शिक्षक येथेंच भाड्याच्या घरांत राहात आहेत. भविष्यनिर्वाह निधि, उपदान आणि गांवाकडील जमिनीचा वांटा मिळून त्यांच्यापाशीं साठ लाख रुपये जमले आहेत. कर्ज काढावयाचें नाहीं, हप्ता भरावयाचा नाहीं, कोणापुढें हात पसरावयाचा नाहीं. जवळच्याच सेक्टरांतील दोन खोल्यांचें घर लिलावांत निघालें आहे. त्यांच्या मनाचा हिशेब असा कीं, पैसा तयार आहे, तेव्हां घरहि महिन्याभरांत आपलें होईल. ह्या हिशेबाचा पहिला भाग बरोबर आहे, दुसरा चुकीचा आहे. पैसा एका दिवसांत पोंचतो. मालकीहक्क पायरीपायरीनें येतो, आणि प्रत्येक पायरीवर दुसऱ्या कोणाचा तरी हक्क उभा असतो. रोख पैशानें वेळ वांचतो तो खरेदीदाराच्या स्वतःच्या बाजूचा. इतरांच्या बाजूचा वेळ त्या पैशानें विकत घेतां येत नाहीं.

प्रथम ‘रोख’ ह्या शब्दाचाच उलगडा केला पाहिजे. येथें रोख म्हणजे नोटांची थैली नव्हे. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम नोटांच्या रूपानें स्वीकारण्यास आयकराच्या कायद्यानें २०१७ पासून बंदी घातलेली आहे. रोखीनें घेणें म्हणजे कर्ज न काढतां स्वतःच्या खात्यांतून पुरी किंमत भरणें, एवढाच त्याचा अर्थ. किंमत पन्नास लाखांची किंवा त्याहून अधिक असेल, तर शेंकडा एक रुपया कर कापून तो सरकारांत भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर असते. साठ लाखांच्या घरांत ही रक्कम साठ हजारांची होते. आणि ती कोणाच्या नांवें भरावयाची, बँकेच्या कीं मूळ कर्जदाराच्या, हें बँकेकडून आधींच लेखी घेतलेलें बरें. पुष्कळ ठिकाणीं पहिला खोळंबा ह्या साध्या मुद्द्यावरच होतो.

आतां लिलावाची रीत पाहूं. बँकांना न्यायालयांत दावा न लावतां गहाण मिळकत विकण्याचा अधिकार २००२ च्या कायद्यानें मिळाला. त्याचें लांबलचक इंग्रजी नांव बाजूस राहून ‘सरफेसी’ हें आद्याक्षरी नांवच रूढ झालें आहे. सहकारी बँकांनाहि तो लागू आहे, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें मे २०२० मध्यें दिला, आणि तो कोल्हापूर जिल्ह्यांतील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणांत दिला. म्हणजे गांवच्या नागरी बँकेपासून राष्ट्रीयीकृत बँकेपर्यंत सर्वांची वाट हीच. कर्ज थकल्यावर बँक कर्जदारास साठ दिवसांची मागणी-नोटीस देते. त्यानें हरकत घेतल्यास पंधरा दिवसांत तिचें उत्तर द्यावें लागतें. मुदत टळल्यावर ताबा घेतला जातो. नंतर विक्रीपूर्वीं कर्जदारास तीस दिवसांची सूचना जाते, आणि लिलावाची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकीं एक स्थानिक भाषेंतील असलें पाहिजे, अशी प्रसिद्ध होते.

येथवरचा काळ बँकेचा व कर्जदाराचा. खरेदीदार रंगभूमीवर येतो तो लिलावाच्या दिवशीं. बोली त्याच्या नांवावर झाली कीं त्याच दिवशीं, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशीं, इसाऱ्यासह शेंकडा पंचवीस रक्कम त्यानें भरावयाची. उरलेली शेंकडा पंचाहत्तर विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी संमतीनें मुदत वाढविली तरी ती तीन महिन्यांपलीकडे जाऊं शकत नाहीं. चुकल्यास भरलेली रक्कम जप्त होते. पुरी किंमत पोंचल्यावर बँकेचा प्राधिकृत अधिकारी विक्रीचें प्रमाणपत्र देतो, आणि हेंच प्रमाणपत्र खरेदीदाराच्या हक्काचें मूळ होय.

पंचवीस टक्के आणि पंधरा दिवस हे आंकडे नवे नाहींत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत न्यायालयीन लिलावासाठीं तेच आंकडे आहेत. फरक आहे तो पुढें. त्या जुन्या रीतींत लिलाव झाल्यावर हरकतींसाठीं मुदत ठेवलेली असे. कर्जदारानें त्या मुदतींत रक्कम व भरपाई भरली तर विक्री रद्द होई, आणि कोणी पुढें आलें नाहीं म्हणजे मगच न्यायालय विक्री कायम करी. भांडण आधीं, कायमपणा नंतर. नव्या रीतींत विक्री लौकर कायम होते, पैसा लौकर घेतला जातो, आणि भांडण पुष्कळदां त्यानंतर येतें. गति वाढली ती बँकेच्या वसुलीची. खरेदीदाराच्या निर्धास्तपणाची गति त्याच प्रमाणांत वाढलेली नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, कर्ज बुडविणाऱ्याला इतक्या सवलती हव्यात कशाला? ह्याचें उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासांतच आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे व खतें हिसकावून जाळलीं, आणि तो वणवा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा, त्यामागून जप्ती, त्यामागून लिलाव, आणि लिलावांत बहुधा सावकारच खरेदीदार, अशी जी साखळी झाली होती तिच्याविरुद्धचा तो संताप होता. १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा त्यांतूनच झाला. रोख्याच्या आंकड्यामागें जाऊन खरा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला, आणि खास गहाण लिहून दिलेली नसेल ती जमीन विकण्यास आडकाठी आली. घाईनें झालेला लिलाव एक कुटुंब उघड्यावर आणतो, हें ह्या भूमीनें पाहिलें आहे. म्हणून कर्जदारास नोटीस, हरकत व दाद ह्यांसाठीं मिळणारा वेळ ही केवळ कचेरीची सुस्ती नव्हे; तो त्याचा हक्क आहे. २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सरफेसी कायदा वैध ठरवितांना, दाद मागण्यापूर्वीं मागणीच्या शेंकडा पंचाहत्तर रक्कम भरण्याची कर्जदारावरील अट मात्र रद्द केली, ती ह्याच न्यायबुद्धीनें.

तेव्हां कर्जवसुली न्यायाधिकरणाचें दार कर्जदारास उघडें आहे. बँकेच्या कृत्यानंतर पंचेचाळीस दिवसांत तो तेथें जाऊं शकतो. ताब्याविरुद्ध एकदां जातो आणि विक्रीविरुद्ध पुन्हां जाऊं शकतो. खरेदीदारानें पैसे भरले ह्यामुळें हे अर्ज आपोआप निकालांत निघत नाहींत.

ह्याचें ठळक उदाहरण नव्या मुंबईंतच घडलें. ठाणें खाडीपलीकडील औद्योगिक क्षेत्रांतील एक भूखंड ‘बाफना मोटर्स’ ह्या कंपनीनें युनियन बँकेकडे गहाण ठेवलेला होता. लिलावाचे आठ प्रयत्न फसले. ३० जून २०२३ रोजीं झालेल्या नवव्या लिलावांत राखीव किंमत १०५ कोटि होती आणि ‘सेलीर’ ह्या संस्थेची १०५ कोटि ५ लाखांची बोली सर्वांत वरची ठरली. तिनें जुलै संपण्यापूर्वींच पुरी किंमत भरली. इतक्यांत कर्जदार कंपनी गहाण सोडविण्यास पुढें आली. १२९ कोटि रुपये भरून तिनें तें सोडवावें, अशी मुभा मुंबई उच्च न्यायालयानें १७ ऑगस्ट रोजीं दिली, आणि पुरा पैसा भरलेल्या खरेदीदाराच्या हातीं प्रमाणपत्र आलेंच नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २१ सप्टेंबर २०२३ रोजीं हा हुकूम फिरविला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्जदाराचा गहाण सोडविण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होतांच संपतो, असें ठरवून त्यानें, खरेदीदारानें आणखी २३ कोटि ९५ लाख भरल्यावर त्यास प्रमाणपत्र द्यावें, असें सांगितलें. तरीहि प्रकरण मिटलें नाहीं. मधल्या काळांत मिळकत तिसऱ्याच पक्षाकडे वळविण्यांत आली होती. न्यायालयाच्या अवमानाचा अर्ज झाला, आणि त्यावरील निर्णय १३ डिसेंबर २०२४ रोजीं लागला. तोहि खरेदीदाराच्या बाजूनें. बोलीच्या दिवसापासून मोजल्यास हे साडेसतरा महिने होतात. ज्याच्यापाशीं शेंकडों कोटींचें बळ व नामांकित वकील होते, त्याची ही कथा. साठ लाखांच्या शिक्षकानें तींतून घ्यावयाचा बोध असा कीं, पैसा पुरा भरला आहे आणि कायदाहि आपल्या बाजूस आहे, एवढ्यानें हक्क वेळेवर हातीं येतोच असें नाहीं.

प्रमाणपत्र मिळालें तरी घराची किल्ली मिळतेच असें नाहीं. बँकेनें घेतलेला ताबा दोन प्रकारचा असतो. दारावर नोटीस चिकटवून घेतलेला तो सांकेतिक ताबा. घर रिकामें करून कुलूप लावलेलें असेल तो प्रत्यक्ष ताबा. जाहिरातींत ह्यांपैकीं कोणता शब्द छापला आहे, हें भिंग लावून वाचण्याजोगें असतें. ताबा सांकेतिक असेल तर मूळ मालक आपल्या मुलांबाळांसह आंत राहात असण्याचा संभव आहे. त्याला बाहेर काढण्यासाठीं बँकेनें जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा. पनवेल तालुका रायगड जिल्ह्यांत असल्यानें ही वाट अलिबागची. कायद्यानें ह्या कामास तीस दिवस, व कारणें नमूद करून एकंदर साठ दिवस, अशी मर्यादा घातली आहे. परंतु ही मर्यादा टळल्यानें अधिकाऱ्याचा अधिकार संपत नाहीं, ती केवळ मार्गदर्शक आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२० मध्यें ठरविलें. म्हणून साठ दिवस हे किमान धरावे, कमाल धरूं नयेत.

आंत भाडेकरू असेल तर पेंच आणखी वाढतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याचें संरक्षण ज्यास खरोखर आहे, अशा भाडेकरूस केवळ सरफेसीच्या बळावर हुसकून लावतां येत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं सांगितलें. पुढें २०१९ मध्यें, कागदपत्रांवांचून उभ्या केलेल्या तोंडी भाडेकरूंस हें संरक्षण सरसकट मिळणार नाहीं, असाहि खुलासा झाला. तथापि खरा भाडेकरू कोण आणि ऐनवेळीं उभा केलेला कोण, हें ठरण्यास वेळ लागतोच, आणि तो वेळ खरेदीदाराच्या खात्यांतून जातो.

आतां कागदांची वाट. विक्रीचें प्रमाणपत्र हक्काचें मूळ असलें तरी कचेऱ्यांच्या दप्तरांत नांव बदलण्यास तेवढें पुरत नाहीं. महाराष्ट्रांत त्यावर विक्रीखताप्रमाणें मुद्रांकशुल्क द्यावें लागतें. प्रमाणपत्राची नोंदणी केली तर नोंदणी-फी शेंकडा एक, परंतु अधिकांत अधिक तीस हजार रुपये. दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील सूची क्रमांक दोनमध्यें नोंद दिसूं लागली म्हणजे पुढील खरेदीदारास हा व्यवहार सांपडतो. पूर्वींचे बोजे, जप्त्या व मनाईहुकूमहि अशा शोधांतच पुढें येतात.

नवीन पनवेलमध्यें ह्यापुढें एक खास पायरी असते. नव्या मुंबईंतील सिडकोची जमीन सामान्यतः मालकीनें विकलेली नसून साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानें दिलेली आहे. त्यामुळें येथें घर घेणारा बहुधा जमिनीचा मालक होत नाहीं. तो पट्ट्याखालील हक्काचा वारस होतो. ज्या पट्ट्यांत किंवा वाटपपत्रांत महामंडळाच्या परवानगीची व हस्तांतर-शुल्काची अट आहे, तेथें बँकेच्या प्रमाणपत्रावर सिडकोच्या दप्तरांतील नांव आपोआप बदलत नाहीं. अर्ज, शुल्क, थकबाकीचा हिशेब व ना-हरकत दाखला ह्या क्रमानेंच जावें लागतें. मूळ कर्जाच्या वेळीं गहाणास महामंडळाची संमति घेतली होती कीं नाहीं, हा प्रश्नहि तेव्हांच निघतो. शिवाय इमारतीच्या जमिनीचा पट्टा सोसायटीच्या नांवें झाला आहे कीं अजून बांधणाऱ्याच्याच नांवें आहे, हेंहि पाहावें लागतें. पट्टा सोसायटीकडे आलेला नसेल तर खोल्यांचा हक्क मिळाला तरी त्याखालील जमिनीची साखळी अर्धीच राहाते.

त्यानंतर सोसायटी. भागपत्रावर नवें नांव चढविण्यापूर्वीं ती देखभालीची थकबाकी मागते, आणि कर्ज थकविणाऱ्यानें देखभालहि थकविलेली असते, हा सर्वसाधारण अनुभव. हस्तांतराच्या अधिमूल्यावर सरकारनें महानगरपालिकांच्या हद्दींत पंचवीस हजारांची मर्यादा घातली आहे. थकबाकीला अशी मर्यादा नाहीं. नंतर महानगरपालिका. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजीं स्थापन झाली, आणि त्या तारखेपासूनची मालमत्ताकराची आकारणी पुढें एकदम मागितली गेली. सिडकोला सेवाशुल्क देत आलेल्या वसाहतींतील रहिवाशांनीं ह्या दुहेरी आकाराबद्दल मोठी तक्रार केली, आणि अनेकांनीं कर भरण्याचें थांबविलें. ज्या घराचे हप्ते थकले त्याचा हा मागील करहि थकलेला असण्याचा संभव मोठा. विजेचीहि गोष्ट तशीच. ‘जेथें आहे, जसें आहे’ ह्या अटीवर लिलावांत घेतलेल्या मिळकतीस नवी वीजजोडणी देतांना पूर्वींच्या मालकाची थकबाकी मागण्याचा वीजपुरवठादारांचा नियमानुसार अधिकार सर्वोच्च न्यायालयानें १९ मे २०२३ रोजीं मान्य केला. जाहिरातींतील चार शब्दांचें वजन किती, तें ह्या निर्णयावरून कळतें.

सरकारी देण्यांबाबत खरेदीदारांना कांहींसा दिलासा मिळाला आहे. मिळकतीवर विक्रीकर खात्याचा बोजा नोंदलेला असल्यानें प्रमाणपत्राची पुढील वाट अडे, अशीं प्रकरणें महाराष्ट्रांत पुष्कळ झालीं. जळगांव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानें ३० ऑगस्ट २०२२ रोजीं ठरविलें कीं, ज्या बँकेनें आपला बोजा केंद्रीय नोंदवहींत नोंदविला आहे तिचें येणें २४ जानेवारी २०२० पासून अंमलांत आलेल्या कलमांमुळें सरकारच्या विक्रीकराच्या येण्याआधीं येतें. त्या तारखेपूर्वीं रीतसर जप्ती व जाहीरनामा झालेला असेल तर मात्र गोष्ट निराळी. तेव्हां बँकेची ही नोंद आहे काय, व ती कोणत्या तारखेची, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. फौजदारी जप्तीचा पेंच ह्याहून अवघड. खुद्द पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें रद्द केला, आणि त्या प्रकरणांत सक्तवसुली संचालनालयानें मिळकती जप्त केल्या. अशी जप्ती ज्या मिळकतीवर आहे ती साध्या लिलावाच्या वाटेनें सुटत नाहीं. त्याच प्रकरणानें दुसरीहि बाजू दाखविली: थकलेल्या कर्जामागें ठेवीदारांचा पैसा असतो, आणि मिळकत विकली जाण्याची वाट तेहि पाहात असतात.

ह्या सर्व पायऱ्यांचा अर्थ रुपयांत मांडला म्हणजे तो अधिक कळेल. शिक्षकांचे साठ लाख ठेवींत शेंकडा सात व्याज मिळवीत होते असें धरूं. पैसे भरल्यापासून राहावयास जाण्यापर्यंत चौदा महिने गेले, तर व्याजाचे चार लाख नव्वद हजार बुडाले. तेवढ्या काळांत भाड्याच्या घराचे दरमहा पंधरा हजार, म्हणजे दोन लाख दहा हजार, द्यावे लागले. एकूण सात लाख. घर बाजारापेक्षां सात लाखांनीं स्वस्त पडलें असेल, तर ती स्वस्ताई चौदा महिन्यांत पुरी झाली. सोसायटी, कर व वीज ह्यांची थकबाकी अजून मोजावयाचीच आहे.

कर्ज काढून घर घेणाऱ्यास एक लाभ न मागतां मिळतो, तो रोखीच्या खरेदीदारास मिळत नाहीं. कर्ज देणारी बँक आपल्या पैशाच्या काळजीनें वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेविते, कागद तपासते आणि शंका आली तर कर्ज नाकारते. तो नकारच खरेदीदाराला सावध करतो. रोखीनें घेणाऱ्यास अडविणारें कोणी नसतें. त्याचा पैसा तयार असतो हेंच त्याचें बळ, आणि हाच त्याचा धोका. म्हणून बँकेनें आपल्यासाठीं जो वकील नेमला असता तो त्यानें स्वतः नेमावा. त्या फीचे कांहीं हजार रुपये सबंध व्यवहारांत सर्वांत उपयोगाचे ठरतात.

इसारा भरण्यापूर्वीं बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचारावें: ताबा सांकेतिक कीं प्रत्यक्ष, न्यायाधिकरणांत वा न्यायालयांत अर्ज चालू आहे काय, व त्याचा क्रमांक काय, मूळ करारनामा, भागपत्र व वाटपपत्र बँकेच्या तिजोरींत आहेत काय, सिडकोची गहाणास संमति होती काय, आणि पैसे भरल्यावर प्रमाणपत्र किती दिवसांत मिळेल. तोंडी उत्तरावर विसंबूं नये. त्याच आठवड्यांत सोसायटीचे चिटणीस, महानगरपालिकेचें करखातें आणि सिडकोची वसाहत-कचेरी ह्यांच्याकडे एकेक खेप घालावी. घर पाहावयास दोनदां जावें, एकदां दिवसा व एकदां संध्याकाळीं. दिवे लागलेले दिसले तर आंत कोण राहातें तें शेजाऱ्यांकडून कळतें. वर्षभराचें भाडें, मुद्रांकशुल्क व संभाव्य थकबाकी ह्यांची रक्कम बाजूस काढून जें उरेल तेवढीच बोली बोलावी. सर्व पुंजी बोलींत घालणाऱ्यास दुसरी पायरी चढण्याचेंहि बळ राहात नाहीं.

एवढी चौकशी केल्यानंतर विलंबाचे दोन प्रकार निरनिराळे दिसूं लागतात. कर्जदाराची दाद, भाडेकरूचा हक्क, महामंडळाची अट व महानगरपालिकेचा कर ह्यांपायीं होणारा विलंब न्यायाच्या पोटांतला आहे. तो आधीं ओळखून किंमतींतून वजा करावा. परंतु पुरी किंमत घेऊनहि प्रमाणपत्र न देणें, मूळ कागद शोधण्यांत महिने घालविणें, दाखल्यासाठीं विनाकारण खेपा घालावयास लावणें, हा विलंब निराळा. तो निमूटपणें सोसण्याचें कारण नाहीं. तारखेसह लेखी स्मरणपत्रें, वरिष्ठांकडे तक्रार, आणि अखेरीस न्यायाधिकरण किंवा उच्च न्यायालय हे त्यावरील उपाय आहेत. ज्याच्यापाशीं प्रत्येक पावती व प्रत्येक पत्र क्रमानें लावलेलें असतें, त्याचें म्हणणें तेथें लौकर ऐकलें जातें.

लिलावांतील घर घेऊंच नये, असा ह्या सर्वांचा अर्थ नाहीं. पुष्कळ कुटुंबें अशा घरांत सुखानें नांदत आहेत, आणि त्यांच्या पैशानें बँकांचीं थकलेलीं कर्जें फिटून ठेवीदारांचा पैसा मोकळा झाला आहे. परंतु त्या घराच्या भिंतींत एका दुसऱ्या कुटुंबाचें मोडलेलें स्वप्न असतें, त्याच्या जमिनीवर महामंडळाचा पट्टा असतो आणि त्याच्या दारावर चार कचेऱ्यांचें येणें असतें. ह्या सर्वांचा हिशेब पुरा झाला म्हणजे मालकी येते. ज्यानें हा हिशेब बोलीच्या आधीं मांडला, त्यास घर उशिरा मिळालें तरी तो फसत नाहीं; ज्यानें तो बोलीनंतर मांडावयास घेतला, त्याची भरलेली थैलीहि त्याच्या उपयोगीं पडत नाहीं.